गाण्यातला इतिहास शाळेच्या फळ्यावर यावा

१४ एप्रिल आला की आपल्या वस्तीत रात्रभर गाणी वाजतात. पाच-सहा वर्षांच्या पोरालाही चार-दोन गाणी तोंडपाठ असतात. त्याच पोराला विचारा, महाडला काय झाले, कोणत्या साली झाले, तळ्यावर जाण्याची वेळ का आली? ते आईच्या तोंडाकडे बघते. आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा आई बापाच्या तोंडाकडे बघते. गाणे घरात आहे, इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे, पण दोघांची गाठ पडत नाही. ती गाठ शाळेच्या वर्गात घालून देता येते, असे आमचे म्हणणे आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, यात नवीन काही नाही. ज्या समाजाला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्या समाजाने गाण्यातच शाळा भरवली. जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला, तो करमणुकीसाठी नव्हे. कष्टकरी रयतेला आपला राजा आपल्या बोलीत कळावा म्हणून रचला. पुढे सत्यशोधकांचे जलसे गावोगाव फिरले आणि त्यांच्या पाठोपाठ आंबेडकरी जलसे आले. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यातले मोठे नाव. त्यांनी या जलशांची हकीकत पुस्तकरूपाने लिहून ठेवली, हे त्यांचे आपल्यावर उपकारच आहेत.

जलसा तमाशाच्या अंगाने जाई. ढोलकी, तुणतुणे, झांज तीच. पण देवादिकांची स्तुती, गौळणीतला चावटपणा आणि नाची यांना रजा मिळाली. त्या जागी शिक्षण, दारू, सावकाराचे कर्ज, मेलेल्या जनावराचे मांस सोडणे, मंदिरप्रवेश, वतनाची गुलामी असे विषय आले. दिवसभर गिरणीत किंवा शेतात राबलेला माणूस भाषण ऐकताना पेंगेल, पण ढोलकीवर थाप पडली की सावरून बसतो. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात. तीच गोष्ट दोनदा-तीनदा कानावर पडते आणि अक्षर न येणाऱ्याच्याही ध्यानात राहते. मास्तर वर्गात पाढे म्हणून घेतात, त्यात याहून वेगळे काय असते?

वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांना धड शाळा मिळाली नाही. त्यांनीच स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. ते शहर नकाशावर कुठे आहे हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्या चाळीतल्या कामगारांना दुसरे महायुद्ध त्या पोवाड्याने कळले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनाही अक्षरओळख मोठेपणीच झाली, आणि त्यांची गाणी आज किती घरांत गायली जातात हे आम्ही सांगायला नको.

आता वर्गातला धडा कसा व्हावा ते पाहू. समजा, सातवी-आठवीच्या वर्गात चवदार तळ्याचे एखादे गाणे मुलांनी म्हटले. गाणे संपले की टाळ्या वाजवून मोकळे व्हायचे नाही. मास्तरांनी किंवा बाईंनी खडू हातात घ्यावा. गाव महाड, तेव्हाचा कुलाबा आणि आजचा रायगड जिल्हा. तारीख २० मार्च १९२७. मग विचारावे, तळ्यावर पाणी पिण्याचा हक्क त्या दिवशी नव्याने मागितला का? नाही. सी. के. बोले यांचा नव्हे, तर रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव, असे पूर्ण नाव मुलांना सांगावे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा हा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केल्याचे ठरवले होते. हक्क कागदावर आला होता, ओंजळीत आला नव्हता. बाबासाहेबांनी तो ओंजळीत घेतला.

त्यानंतर काय झाले, ते गाण्यात फारसे येत नाही. परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. शेण-गोमूत्र घालून तळ्याची ‘शुद्धी’ केली गेली. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तेव्हा तळ्याचे प्रकरण कोर्टात गेले होते आणि मनाईहुकूम आला होता. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले ते याच परिषदेत. आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला १९३७ साली. म्हणजे दहा वर्षे! गाण्यात ओंजळ आहे, दहा वर्षांचा खटला नाही. त्यात गाण्याचा दोष नाही. गाणे काळजाला हात घालते, तारखा आणि कागद ही पुस्तकाची बाजू. दोन्ही शेजारी ठेवली की मूल स्वतःच विचारते, ‘मग ह्या दहा वर्षांत लोकांनी पाणी कुठले प्यायले?’ हा प्रश्न पोराच्या तोंडून आला की इतिहास शिकवून झाला असे समजावे.

दुसरे उदाहरण सर्व मुलांच्या ओळखीचे. अफझलखानाच्या वधावर अज्ञानदास या शाहिराचा पोवाडा आहे, तो शिवकालातला. जोतीरावांचा पोवाडा त्यानंतर दोन शतकांनी आला. राजा एकच, पण एका पोवाड्यात पराक्रम आणि देवीचा प्रसाद दिसतो, तर दुसऱ्यात रयतेचा राजा दिसतो. दोन्हींचे थोडे थोडे भाग मुलांना ऐकवावेत आणि विचारावे, गाणारा कोण, ऐकणारे कोण, त्याला हे का सांगावेसे वाटले? असे विचारायला शिकलेले मूल उद्या कुणाच्याही भाषणाला भुलणार नाही. आपल्या माणसांच्या भाषणालासुद्धा.

आता एक दुखरी गोष्ट. आम्हाला माहीत असलेल्या एका शाळेत स्नेहसंमेलनाच्या वेळी हलगी वाजवायला कोण, असा प्रश्न निघाला. गुरुजींनी वर्गावर नजर फिरवली आणि आपल्या वस्तीतली दोन पोरे उभी केली, ‘तुमच्याकडे वाजवतातच की.’ पोरांनी वाजवली, चांगली वाजवली. पण घरी येऊन एकजण जेवला नाही. हलगी-डफडे हे गावगाड्यात जातीवर लादलेले काम होते. मानासाठी कितीतरी आजोबांनी ते हातातून टाकले. हा सगळा इतिहास त्या एका वाद्यात आहे, तो आधी सांगायला हवा. आणि मग हलगी पाळीपाळीने वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या हातात द्यावी, पाटलाच्याही आणि शेठजीच्याही. वाद्य वाईट नाही. ते कुणी कुणाच्या गळ्यात बांधले, हे वाईट.

ही लाज आपल्याकडेच होती असे नाही. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर नॅशव्हिल शहरात काळ्या मुलांसाठी फिस्क विद्यालय निघाले. पैसा संपत आला, तेव्हा १८७१ साली तिथल्या विद्यार्थ्यांचे एक गायनपथक दौऱ्यावर निघाले. आईबापांनी शेतांत राबताना गायलेली गुलामीतली गाणी चारचौघांत म्हणायला ही मुले सुरुवातीला तयार नव्हती. पुढे त्याच गाण्यांनी जग हलवले, १८७३ साली इंग्लंडच्या राणीने ती ऐकली, आणि जमलेल्या पैशातून विद्यालयाची मोठी इमारत उभी राहिली. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केले, तेही १८७३ सालीच. हा योगायोग कोणत्याही शिक्षकाला वर्गात सांगण्यासारखा आहे.

कुणी म्हणेल, शाळेत ही गाणी कशाला, वाद कशाला? २०१५ साली शिर्डीत एका तरुणाच्या मोबाईलवर बाबासाहेबांचे गाणे वाजले, त्यावरून भांडण होऊन त्याचा खून झाल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. ज्यांना ते गाणे सहन झाले नाही, तेही कुठल्यातरी शाळेतच शिकले असतील. त्यांच्या वर्गात हे गाणे कधी वाजले असते, त्याचा अर्थ कुणी सांगितला असता, तर? म्हणूनच ही गाणी फक्त आपल्या मुलांना शिकवून भागणार नाही.

नियमांची अडचणही नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलांना शाळेत मानाची जागा मागितली, आणि २०२० च्या शिक्षण धोरणात कलेच्या अंगाने विषय शिकवावेत असे लिहिले आहे. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले तो ७ नोव्हेंबर २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी हार-फुले आणि दोन भाषणे झाल्यावर एक तास गाण्याचा ठेवा, असे पालक सभेत हात वर करून सांगायचे आहे. डीजेच्या भिंतीला वर्गणी देणाऱ्या मंडळांनी शाळेला एक ढोलकी आणि एक हार्मोनियम दिली तर खर्च त्याहून कमीच येईल.

आणि घरी आयाबहिणींनी एक काम करावे. गी पॉयटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. माजलगावच्या भीमनगरातल्या आपल्या बायकांनी म्हटलेल्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या आणि आजही ऐकायला मिळतात. जाते गेले, गिरणी आली. १९५६ ला ज्या मुली पंधरा वर्षांच्या होत्या, त्या आज ऐंशीच्या पुढे आहेत. आजीला जवळ बसवा, पोराच्या हातात मोबाईल द्या आणि ओवी म्हणायला सांगा. आजी पहिल्यांदा लाजेल, ‘आता कुठं आठवतंय’ म्हणेल. घाई करू नका, चहा द्या. ती म्हणू लागली की मध्ये बोलू नका. नंतर पोराने ती ओवी वहीत उतरवावी. वर आजीचे नाव, माहेरचे गाव, ओवी कुणाकडून शिकली ते लिहावे, आणि ती वही इतिहासाच्या तासाला बाईंना दाखवावी.