रक्ताचा अहवाल आणि औषधाची वेळ

मुंबईत, गिरगावच्या खोताच्या वाडीत लाकडी जिन्यांची, लाकडी सज्जांची जुनी घरं अजून उभी आहेत. अशा घराला वाळवी लागली, तर वरचा रंग पुष्कळ दिवस शाबूत दिसतो. खांब मात्र आतून पोखरला जात असतो. एच.आय.व्ही.च्या लागणीचंही तसंच आहे. माणूस कित्येक वर्षं धडधाकट दिसतो आणि आत रोगाशी झुंजणाऱ्या पेशी घटत जातात. म्हणून इथे तब्येतीवर नव्हे, रक्ताच्या अहवालावर भिस्त ठेवावी लागते.

तो अहवाल वाचायचा कसा? पहिला प्रश्न, लागण आहे की नाही. एका चाचणीवर निकाल देत नाहीत. वेगवेगळ्या तीन चाचण्यांचं उत्तर जुळलं, म्हणजेच लागण पक्की. लागणीनंतरचे पहिले काही आठवडे ती चाचणीत दिसत नाही, तेव्हा धोका नुकताच घडला असेल तर सांगितलेल्या तारखेला रक्त पुन्हा तपासावं.

दुसरा आकडा सीडी-फोर पेशींचा. निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण 500 ते 1500 असतात. हे आपले शाबूत खांब. तिसरा आकडा रक्तातल्या विषाणूंचा. ही वाळवीची मोजदाद. दुसरा आकडा वाढावा, तिसरा घटावा, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

आता औषध केव्हा घ्यायचं? सरकारने 1 एप्रिल 2004 पासून मोफत औषध देण्यास आरंभ केला. मुंबईचं जे. जे. रुग्णालय हे त्या पहिल्या केंद्रांपैकी एक. तेव्हा लक्षणं नसलेल्या रुग्णाला पेशी 200 च्या खाली उतरेपर्यंत थांबावं लागे. पुढे ही मर्यादा 350 वर, मग 500 वर आली. 2015 साली 35 देशांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पेशी 500 च्या वर असतानाच ज्यांनी औषध सुरू केलं, त्यांच्यात गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहूनही कमी आढळले. भारतात 2017 पासून नियम सरळ आहे: लागण पक्की झाली, की आकडा कितीही असो, औषध सुरू. क्षय किंवा मेंदूच्या आवरणाचा आजार असेल, तर आधी त्यावर उपचार करून डॉक्टर काही आठवडे थांबवतात, तेवढाच अपवाद.

गोळी रोज, न चुकता, जन्मभर घ्यायची. विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. म्हणून बरं वाटलं तरी गोळी सोडू नये.

वाडी असो की गाव, लोक काय म्हणतील ही धास्ती माणसाला केंद्राची पायरी चढू देत नाही. पण 2017 च्या कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आणि लागण आहे म्हणून मुलाला शाळा नाकारता येत नाही. शिक्षकमंडळींनी हे गावात जरूर सांगावं. शंका असेल त्याने 1097 या क्रमांकावर विनामूल्य विचारावं. खांब खचायची वाट कशाला पाहायची?