पाहुणा वादक आणि जागचे वाद्य

मराठी वाचकापुढे ‘ऑर्गन’ हा शब्द उच्चारला, की त्याच्या कानात नांदीचे सूर घुमू लागतात. पडद्यापुढच्या पिटात बसलेला वादक, त्याच्या पायांखालचे दोन पाते आणि तिसरी घंटा होताच भरून आलेला सूर. वांद्र्याच्या रानवार, पाली किंवा चिंबई गावठाणातल्या ईस्ट इंडियन कुटुंबात हाच शब्द उच्चारला, तर आठवते चर्च, मोतमाउलीची जत्रा, लग्नाची मिरवणूक आत शिरताना मागच्या माळ्यावरून येणारा नाद. ही माणसेही मूळची मराठीच बोलणारी. म्हणजे एकाच उपनगरात, एकाच भाषेत, एका शब्दाची दोन वाद्ये नांदतात. रेक्लमेशनजवळचे रंगशारदा नाट्यगृह आणि टेकडीवरची माउंट मेरी यांच्यात अंतर तरी किती? पण एका ऑर्गनचे श्रोते दुसऱ्या ऑर्गनकडे क्वचितच गेले.

या दोन वाद्यांचा विचार एका तिसऱ्याच ठिकाणाहून करता येतो, आणि ते म्हणजे विद्यापीठाचे संगीत विद्यालय. अमेरिकेत आणि युरोपात अशा विद्यालयांच्या सभागृहांत मोठे पाइप ऑर्गन असतात आणि दर वर्षी तिथे बाहेरचा वादक पाहुणा म्हणून येऊन वाजवतो. ही प्रथा वरवर पाहता आपल्याकडच्या संगीत सभेसारखीच वाटते. प्रत्यक्षात ती अगदी वेगळी आहे आणि तिचे कारण वाद्याच्या बांधणीत आहे.

सतारवादक आपली सतार घेऊन येतो. पेटीवाला आपली पेटी आणतो, निदान दुसऱ्याची पेटी तासाभरात हाताखाली बसवतो. पाइप ऑर्गन मात्र इमारतीचाच भाग असतो. पंख्याने हवा एका साठवणीत भरायची, तिथून ती पेट्यांमध्ये न्यायची आणि त्या पेट्यांवर उभ्या केलेल्या नळ्यांत, वादकाने पट्टी दाबली की, सोडायची, एवढेच त्याचे मूळ तत्त्व. बासरीच्या जातीच्या नळ्या आणि सनईसारख्या जिभेच्या नळ्या अशी त्यांची दोन मोठी कुळे. एकाच आवाजाच्या नळ्यांची एक रांग असते आणि ती चालू-बंद करण्यासाठी एक खुंटी असते, तिला ‘स्टॉप’ म्हणतात. आपल्या पेटीवरही पुढे अशा खुंट्या असतात. ऑर्गनमध्ये त्या पन्नास-शंभर असू शकतात. हातांसाठी दोन, तीन, चार पट्ट्यांचे मजले आणि पायांसाठी लाकडी पट्ट्यांचा वेगळा संच. हातपट्टीवरच्या सगळ्यात खालच्या ‘सी’ची उघडी नळी साधारण आठ फुटांची, म्हणून त्या आवाजाला ‘आठ फुटी’ म्हणतात. त्याच्या खालच्या सप्तकाला सोळा फूट, त्याच्याही खाली जायचे तर बत्तीस फूट. त्या शेवटच्या नळीचा सूर कानापेक्षा बाकावर बसलेल्याच्या पाठीला जास्त कळतो. येल विद्यापीठाच्या वूल्झी हॉलमधल्या ऑर्गनला 12,617 नळ्या आहेत. हे वाद्य कोण कुठे नेणार?

त्यामुळे पाहुणा येतो तो रिकाम्या हाताने, आणि त्याला अनोळखी वाद्याशी दोन-तीन दिवसांत ओळख करून घ्यावी लागते. दोन ऑर्गन सारखे नसतात. एकाचा ‘फ्लूट’ गोड, दुसऱ्याचा त्याच नावाचा स्टॉप फुसका. एका ठिकाणी पट्टी दाबताच सूर, दुसऱ्या ठिकाणी नळ्या इतक्या लांब की सूर कानावर येईपर्यंत वादकाची बोटे पुढच्या स्वरावर गेलेली असतात. अशा वाद्यावर वादकाने स्वतःचे ऐकून वाजवायचे नसते. ऐकायला थांबला, की लय मंदावतच जाते. म्हणून पाहुणा पहिला दिवस वाजवण्यात घालवत नाही. कोणता स्टॉप कशासोबत मिसळतो हे शोधण्यात आणि ती मिश्रणे वाद्याच्या स्मृतीत साठवण्यात तो जातो. पूर्वी ही स्मृती नव्हती, तेव्हा दोन्ही बाजूंना एकेक मदतनीस उभा राहून खुंट्या ओढत असे, आणि अनेक जुन्या वाद्यांवर आजही तसेच करावे लागते. विद्यालयात हे मदतनीस म्हणजे विद्यार्थी. त्यांचे खरे शिक्षण मैफलीत होत नाही, आदल्या रात्रीच्या या खटपटीत होते असे मला वाटते. आपण रोज वाजवतो त्या वाद्यातून हा माणूस भलताच आवाज काढतो आहे, हे त्यांना तिथे उभे राहून दिसते.

या प्रथेचे एक टोक आपल्याला ओळखीच्या गावी आणि वर्षी सापडते. 1893 साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरले. त्याला जोडून झालेल्या सर्वधर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, एवढे आपण शाळेपासून ऐकतो. त्याच प्रदर्शनासाठी डेट्रॉइटच्या फॅरंड अँड व्होटी कंपनीने एक प्रचंड ऑर्गन बांधला होता आणि तो वाजवायला पॅरिसहून अलेक्झांद्र गिल्माँ आला होता. प्रदर्शन उठल्यावर तो ऑर्गन मिशिगन विद्यापीठाच्या गावी, अॅन आर्बरला, नेण्यात आला आणि 1913 मध्ये तिथल्या नव्या हिल सभागृहात बसवला गेला. पुढे त्याची आतली रचना अनेकदा बदलली, तरी दर्शनी नळ्यांत ते प्रदर्शन अजून शिल्लक आहे. गिल्माँ नंतरही अमेरिकेत येत राहिला. 1904 मध्ये सेंट लुइसच्या प्रदर्शनात त्याने चाळीस कार्यक्रम केले आणि एकही रचना पुन्हा वाजवली नाही, असा त्याचा लौकिक आहे. प्रार्थनेचा आधार म्हणून वाजणारे वाद्य तिकीट काढून ऐकायचे वाद्य झाले, त्यात अशा फिरत्या पाहुण्यांचा मोठा वाटा आहे.

मुंबईला हे अगदीच परके नव्हते. 1870 मध्ये ड्यूक ऑफ एडिनबर्ग मुंबईत येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी टाउन हॉलला ऑर्गन भेट दिला होता. देवळाशी किंवा चर्चशी संबंध नसलेल्या सार्वजनिक सभागृहात, एका ज्यू दात्याने, शहरासाठी दिलेले वाद्य! शहराने ते आपले मानले असते, तर आज आपण वेगळा इतिहास सांगत असतो. त्या दरबार हॉलमध्ये आता व्याख्याने होतात. शहरातले पाइप ऑर्गन उरले ते चर्चमध्ये, फोर्टचे सेंट थॉमस कॅथीड्रल, कुलाब्याचे होली नेम कॅथीड्रल अशा ठिकाणी.

आणि मुंबईची हवा या वाद्याची शत्रू. दमटपणाने लाकूड फुगते, चामड्याचे भाते कुजतात, वाळवी आणि उंदीर आपापले काम करतात. याहून सूक्ष्म अडचण उष्णतेची आहे. हवा तापली की तिच्यातला ध्वनीचा वेग वाढतो आणि बासरीच्या जातीच्या नळ्यांचा सूर चढतो. एका अंश सेल्सियसला साधारण तीन सेंट (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर). जिभेच्या नळ्या मात्र जवळजवळ जागच्या जागी राहतात. मे महिन्यात 32 अंशांना जुळवलेला ऑर्गन डिसेंबरच्या रात्री 24 अंशांना वाजवला, तर ही दोन कुळे एकमेकांपासून जवळपास पाव अर्धस्वराने दूर गेलेली असतात. सारंगीवाला अशा वेळी मैफलीतच खुंटी पिळतो. इथे हजार नळ्या कोण पिळणार? जुळवणारा कारागीर जवळ नसेल, तर ऑर्गनिस्ट शहाणपणाने एकेक स्टॉप वापरणे सोडून देतो.

पाहुण्याचे महत्त्व मला इथेच दिसते. घरचा वादक वाद्याच्या खोडी सांभाळून वाजवतो. अमुक पट्टी अडकते, तिला चुकवायचे. तमुक स्टॉप शिट्टी मारतो, तो ओढायचाच नाही. दहा वर्षांत निम्मे वाद्य मुके होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण रविवारची गाणी उरलेल्या निम्म्यात भागतात. बाहेरचा माणूस येतो तो पहिल्याच तासाला प्रत्येक खुंटी ओढून बघतो. त्याची यादी तयार होते, ती विश्वस्तांपुढे जाते, मैफल जाहीर झालेली असल्यामुळे दुरुस्ती टाळता येत नाही. विद्यापीठांच्या पाहुण्या मैफलींनी वाद्ये जिवंत ठेवली ती अशी.

आता दुसरा ऑर्गन. नाटकातला ऑर्गन नळ्यांचा नाही, पितळी सुरांचा. पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँने 1842 मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. त्यात हवा सुरांवर ढकलली जाते. अमेरिकी कारखान्यांनी उलट केले, भात्याने हवा आत ओढून घ्यायची. त्यामुळे आवाज मऊ आणि गोल झाला. एस्टी, मेसन अँड हॅमलिन यांची अशी वाद्ये मिशनऱ्यांबरोबर आणि व्यापाऱ्यांबरोबर इकडे आली. 1880 मध्ये किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले तेव्हा साथीला सारंगी होती. पुढे पेटी आली, गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीवादक ‘मानापमान’चा संगीतकार झाला, आणि 1913 मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन प्रतिष्ठेला पोचला. ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर थिरकवाँ. बालगंधर्वांच्या गळ्यामागे ही साथ उभी असे.

गंमत अशी, की पाश्चात्त्य ऑर्गन जागचा आणि वादक फिरता. आपला ऑर्गनही फिरता आणि वादकही. कंपनीच्या सामानाबरोबर तो रेल्वेने गावोगाव गेला. त्यामुळे त्याला पाहुणा कधी मिळालाच नाही. तो कायम एकाच हाताखाली राहिला, साथीचा राहिला. पेटी साथीतून बाहेर पडून स्वतंत्र वादनापर्यंत गेली. पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांची नावे त्यासाठी घेतली जातात. 1940 पासून आकाशवाणीने हार्मोनियमवर घातलेली बंदी तीन दशके टिकली, तरी हे घडले. तिच्यावरचा आक्षेप होता जखडलेल्या सुरांचा, मींड नसण्याचा. तो आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटा नाही. पण नाट्यपदाच्या दोन ओळींमधली जागा ऑर्गनने कशी भरली, हे ऐकलेल्या माणसाला तो अपुरा वाटतो. गोविंदराव पटवर्धन पेटीप्रमाणे ऑर्गनवरही तितकेच मातब्बर होते. तरी ऑर्गनची स्वतंत्र मैफल ही चीज आपल्याकडे रुजली नाही.

आज या ऑर्गनचे हाल पाइप ऑर्गनसारखेच आहेत. ती वाद्ये बनवणारे परदेशी कारखाने केव्हाच थांबले. भात्याचे कापड बदलता येते, पितळी सूर घासून जुळवणारे कारागीर अजून आहेत, पण तुटलेल्या सुराच्या जागी त्याच कंपनीचा सूर मिळवायला दुसरा मोडका ऑर्गन शोधावा लागतो. साहजिकच बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर ‘ऑर्गन’ नावाचे बटण दाबले जाते. मी त्या बटणाची निंदा करणार नाही; दौऱ्यावर निघालेल्या छोट्या संस्थेला ते परवडते. फरक आहे तो भात्याचा. पायाच्या दाबाने सूर फुगतो आणि ओसरतो, गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर वादकाचा पाय श्वास घेतो. बटणाला तो श्वास नाही. चर्चमध्येही हीच अदलाबदल झाली आहे. 1963 च्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजाने पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले खरे, पण त्याच दस्तऐवजाने लोकभाषांना आणि लोकसंगीताला दार उघडले, आणि त्या दारातून गिटार आत आली. तीही लोकांना हवी होती.

मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक अशोक दा. रानडे. 1968 पासून पंधरा वर्षे त्यांनी तिथे संगीताकडे गाण्याबजावण्याच्या शिकवणीपलीकडे, अभ्यासाचा विषय म्हणून पाहायला शिकवले, आणि मराठी रंगसंगीतावर त्यांनी स्वतः लिहिले. त्या पायावर ऑर्गनचा अभ्यास सहज उभा राहू शकतो. त्यासाठी बारा हजार नळ्या लागत नाहीत. चालू स्थितीतला एक पायाचा ऑर्गन विद्यापीठाने जागेवर ठेवावा, दर वर्षी त्यावर एक पाहुणा बोलवावा. एका वर्षी संगीत नाटकातला वादक, दुसऱ्या वर्षी वांद्र्याच्या चर्चमधला ऑर्गनिस्ट, आणि दोघांनाही एकच वाद्य. पहिला ‘सा’ धरून बसेल, डावा हात आधाराला. दुसरा चार स्वरओळी एकदम चालवेल आणि पायपट्ट्या नाहीत म्हणून कुरकुरेल. आदल्या दिवशी खुंट्या तपासायला विद्यार्थी हवेत. कोणता सूर बसला, भाता कुठे फुटला, याची नोंदवही ठेवायला त्यांनाच लावावे, आणि ती नोंदवही घेऊन त्यांना सूर जुळवणाऱ्या कारागिरांकडे पाठवावे, ते कारागीर काम करत आहेत तोवर.