स्वयंचलित गिअरबॉक्सच्या गंजलेल्या तेलवाहिन्या

बिबवेवाडीत अप्पर इंदिरानगरकडील चढावर वाहनांच्या रांगेतून संथपणे सरकताना स्वयंचलित गिअरच्या मोटारीतील टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल अधिक घुसळले जाऊन तापते. अनेक मोटारींत हे तेल दोन पोलादी वाहिन्यांतून रेडिएटरच्या टाकीतील कूलरकडे जाते व थंड होऊन परतते.

जुन्या मोटारीत या वाहिन्या बाहेरून गंजतात. पावसाळी चिखल क्लिपखाली साचून ओलावा टिकतो, म्हणून नळीचा उघडा भाग निकोप दिसत असतानाही क्लिपखाली ती पोखरली जाते. गळतीने तेल उतरले की पंप हवा ओढतो, क्लचच्या चकत्या घसरतात आणि जळतात. ‘गिअरबॉक्सच गेला’ या निदानापूर्वी क्लिप सोडवून पाहणे म्हणूनच अगत्याचे.

गळका तुकडा कापून तेथे पेट्रोलची रबरी नळी क्लॅम्पने आवळणे ही तात्पुरती सोय होय. उष्ण तेलाने ती कडक होऊन तडकते. तांब्याची नळीही सततच्या कंपनाने ठिसूळ होते. संपूर्ण पोलादी वाहिनी बदलणेच इष्ट.

काम नाजूक आहे ते रेडिएटरच्या सांध्यापाशी. गंजलेल्या नटावर आदल्या रात्री गंजनिवारक तेल सोडावे. एका पान्याने कूलरचा सांधा स्थिर धरून दुसऱ्याने नट फिरवावा. अन्यथा पिळाने कूलर फुटून रेडिएटरचे पाणी गिअरच्या तेलात मिसळते. शेवटी उत्पादकाने सांगितलेलेच तेल भरून पातळी त्याच्याच पद्धतीने तपासावी : बहुतेक मोटारींत इंजिन चालू ठेवून, होंडाच्या अनेक जुन्या मोटारींत मात्र ते गरम असताना बंद करून लगेच.