बूम लिफ्टच्या बास्केट-नियंत्रणातील विद्युत दोष-संकेतांक : अर्थ, निदान आणि कर्जत-खालापूरचा पावसाळा

सारांश : उंचावरील कामासाठी वापरल्या जाणाऱ्या बूम लिफ्टच्या बास्केटमधील नियंत्रण पेटीशी संबंधित दोष-संकेतांक कसे निर्माण होतात आणि त्यांवरून प्रत्यक्ष दोषापर्यंत कसे पोहोचावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. संकेतांक म्हणजे बिघडलेल्या भागाचे नाव नव्हे. नियंत्रकास जाणवलेल्या विसंगतीची ती नोंद होय, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. कर्जत व खालापूर तालुक्यांतील अतिपर्जन्याच्या संदर्भात कनेक्टर व वायरिंग यांच्या तपासणीस प्रथम स्थान द्यावे, असे येथे सुचविले आहे.

बीजशब्द : बूम लिफ्ट, दोष-संकेतांक, फूट स्विच, कनेक्टर, ओहमचा नियम, उंचावरील सुरक्षितता.

1. प्रस्तावना

खोपोली परिसराचे विजेशी असलेले नाते शंभर वर्षांहून जुने आहे. घाटमाथ्यावरून आणलेल्या पाण्यावर चालणाऱ्या टाटांच्या जलविद्युत केंद्राने 1915 मध्ये येथूनच मुंबईला वीज पुरविली. पुढे या पट्ट्यात पोलाद व अन्य उद्योग आले आणि 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर वाहतूक व गोदामांनाही चालना मिळाली. उंच शेडचे छप्पर बसविणे, दिवे लावणे, रंगकाम करणे या कामांसाठी पूर्वी बांबूची परात बांधली जात असे. आज त्या जागी अनेकदा बूम लिफ्ट दिसते. चाकांच्या गाडीवर बसविलेली लांब भुजा आणि तिच्या टोकाशी माणसे उभी राहतील अशी बास्केट, असे या यंत्राचे ढोबळ स्वरूप आहे.

परात हलली तर डोळ्यांना दिसते. यंत्र मात्र आपली तक्रार आकड्यांत मांडते. ही आकड्यांची भाषा समजली नाही, तर एकतर निर्दोष भाग बदलले जातात किंवा सुरक्षिततेची साधने निकामी केली जातात. पहिल्यात पैसा जातो, दुसऱ्यात जीव जाऊ शकतो. म्हणून या विषयाची मराठीतून मांडणी करणे अगत्याचे वाटते.

2. नियंत्रण व्यवस्थेची रचना

बूम लिफ्टला नियंत्रणाच्या दोन जागा असतात : एक जमिनीलगत आणि दुसरी बास्केटमध्ये. कोणत्या जागेवरून यंत्र चालवायचे, हे खालच्या किल्लीने ठरते. दोन्ही ठिकाणी लाल रंगाचे आपत्कालीन बटण असते. बास्केटमधील पेटीत जॉयस्टिक व लहान स्विच असतात, तर पायाशी फूट स्विच असतो. चालकाने पाय ठेवल्याशिवाय भुजा वा चाके हलू नयेत, हा त्यामागील हेतू होय.

जुन्या यंत्रांत प्रत्येक क्रियेसाठी स्वतंत्र वायर भुजेतून खाली येत असे. अनेक आधुनिक यंत्रांत बास्केटमधील व खालचा नियंत्रक परस्परांशी दोन वायरींच्या संदेशवाहिनीवरून बोलतात. जर्मनीतील बॉश कंपनीने 1986 मध्ये मोटारींसाठी मांडलेली ही ‘कॅन’ पद्धती आता अवजड यंत्रांतही रुळली आहे. वायरींची संख्या घटली, तरी त्या वायरींना भुजेच्या प्रत्येक हालचालीबरोबर वाकावे लागते आणि उघड्यावरील बास्केटपर्यंत जावे लागते, ही अडचण कायम आहे.

3. संकेतांक कसा निर्माण होतो?

नियंत्रकाला डोळे नसतात. त्याला केवळ व्होल्टेज, विद्युतप्रवाह आणि संदेश कळतात. प्रत्येक बाबतीत त्याची एक अपेक्षा ठरलेली असते. अपेक्षा व प्रत्यक्ष यांत तफावत पडली की तो संकेतांक नोंदवितो. उदाहरणार्थ, जॉयस्टिकचा सेन्सर 5 व्होल्टवर चालत असेल, तर दांडा मध्यावर असताना साधारण 2.5 व्होल्ट अपेक्षित असतात. तेथे शून्य वा पूर्ण 5 व्होल्ट आढळले, तर ‘संकेत मर्यादेबाहेर’ अशी नोंद होते. यावरून जॉयस्टिक बिघडली असे सिद्ध होत नाही; वायर तुटली असेल किंवा धन पुरवठ्यास चिकटली असेल, तरीही नियंत्रकास हेच दिसेल.

आकडे उत्पादकानुसार व मॉडेलनुसार बदलतात. म्हणून ते त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेतच पाहावेत. अर्थाच्या दृष्टीने मात्र त्यांचे पुढील चार गट पाडता येतात.

(अ) क्रमाची चूक : फूट स्विच दाबण्यापूर्वीच जॉयस्टिक हलविणे, किंवा फूट स्विच दाबून बराच वेळ कोणतीही क्रिया न करणे. येथे बिघाड नसतो. पाय उचलून, दांडा मध्यावर आणून पुन्हा योग्य क्रमाने सुरुवात केली की काम भागते.

(आ) सुरक्षा-स्थिती : यंत्र उतारावर कलले आहे, बास्केटमध्ये भार अधिक आहे इत्यादी. हालचाल रोखून यंत्र येथे आपले कर्तव्यच बजावीत असते. दुरुस्ती यंत्राची नव्हे, परिस्थितीची करावयाची असते.

(इ) मंडलदोष : स्विच, सेन्सर, व्हॉल्व्हचे कॉइल अथवा त्यांच्या वायरी खंडित होणे, परस्परांना वा सांगाड्याला चिकटणे.

(ई) संदेशदोष : बास्केटमधील नियंत्रकाकडून उत्तर न येणे.

पहिल्या दोन गटांना बिघाड समजून पेटी उघडली जाते, तेव्हा नसलेला दोष निर्माण होण्याची शक्यता असते.

4. निदानाचा क्रम

सर्वप्रथम माणसे खाली आणावीत. बास्केटमधील नियंत्रण बंद पडले तरी जमिनीवरील नियंत्रणातून, आणि तेही न चालल्यास साहाय्यक पंप वा हाताने चालणाऱ्या आपत्कालीन व्यवस्थेतून बास्केट उतरविता येते. ही व्यवस्था कोठे आहे व कशी चालते, हे खाली उभ्या असलेल्या किमान एका व्यक्तीस ठाऊक असलेच पाहिजे. बास्केट सपाट जागी पूर्ण खाली घेतल्यावरच तपासणीस आरंभ करावा.

त्यानंतर संकेतांक पुसण्यापूर्वी लिहून घ्यावा. त्यासोबत वेळ, हवामान, भुजेची स्थिती आणि त्या क्षणी चाललेली क्रिया यांचीही नोंद करावी. भुजा विशिष्ट लांबीला गेल्यावरच कोड येत असेल, तर वाकणाऱ्या केबलचा संशय बळावतो. पावसानंतरच येत असेल, तर ओलाव्याचा.

तिसरी पायरी पुरवठ्याची. दोन्ही आपत्कालीन बटणे, फ्यूज व बॅटरी तपासावी. 12 व्होल्टची पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखविते. इंजिन सुरू करताना व्होल्टेज फारच खाली गेले, तर एकमेकांशी संबंध नसलेले अनेक कोड एकदम उमटू शकतात. असे झाले असता एकेका कोडच्या मागे लागण्यापूर्वी बॅटरी व तिची टर्मिनल्स पाहावीत.

चौथी पायरी कनेक्टर व वायरिंग यांची आणि पाचवी प्रत्यक्ष मापनाची. भाग बदलणे ही शेवटची पायरी होय.

5. मापनातील एक फसवा आकडा

येथे ओहमच्या नियमाची आठवण ठेवणे उपयुक्त ठरते. समजा, व्हॉल्व्हच्या कॉइलचा रोध 8 ओहम आहे. 12 व्होल्टवर त्यातून 1.5 अँपिअर प्रवाह वाहावयास हवा. वाटेतील गंजलेल्या सांध्याने 4 ओहम रोध वाढविला, तर एकूण रोध 12 ओहम होऊन प्रवाह 1 अँपिअरवर येतो. कॉइलला 8 व्होल्टच मिळतात आणि उरलेले 4 व्होल्ट सांध्यातच खर्ची पडतात. व्हॉल्व्ह नीट उघडत नाही.

आता कॉइल सोडवून त्या वायरीवर मल्टिमीटर लावला, तर तो पूर्ण 12 व्होल्ट दाखवील. कारण मीटर स्वतः नगण्य प्रवाह घेतो आणि प्रवाहच नसल्यामुळे सांध्यावर व्होल्टेज पडत नाही. ‘सप्लाय बरोबर आहे, म्हणजे कॉइल गेली’ हा निष्कर्ष येथे सपशेल चुकतो. म्हणून मापन भार जोडलेला असताना, सांध्याच्या दोन्ही बाजूंना मीटरची टोके लावून करावे. हाच नियम परतीच्या, म्हणजे सांगाड्याकडे जाणाऱ्या वायरीलाही लागू आहे.

संदेशवाहिनीच्या बाबतीत निराळी खूण आहे. ‘कॅन’ वाहिनीच्या दोन टोकांना प्रत्येकी 120 ओहमचे रोधक असतात. ते समांतर असल्याने पुरवठा बंद ठेवून दोन वायरींमध्ये मोजले असता सुमारे 60 ओहम मिळावयास हवेत. 120 मिळाल्यास एका टोकाशी संपर्क तुटला आहे. शून्याजवळचा आकडा आल्यास वायरी परस्परांना चिकटल्या आहेत.

6. एक अनुभव

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या दोन्ही तालुक्यांत वर्षाकाठी सरासरी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याचा परिणाम दाखविणारा एक प्रसंग येथे नमूद करतो. 2024 च्या जुलै महिन्यात एका माजी विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला. तो जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतच्या एका गोदामाच्या बांधकामावर तंत्रज्ञ होता. “सर, कोड फूट स्विचचा येतोय. स्विच नवा टाकला, तरी सकाळी येतोच. दुपारी आपोआप जातो. ठेकेदार म्हणतो, डायरेक्ट करून टाक.”

या फूट स्विचमध्ये दोन संपर्क होते. पाय नसताना एक बंद व दुसरा उघडा. पाय ठेवला की उलट. दोन्ही वायरी एकाच वेळी जिवंत दिसल्या, तर नियंत्रक विश्वास ठेवीत नाही आणि कोड देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाय न ठेवता मापन केले. एका वायरीवर 12.2 व्होल्ट होते, ते योग्यच; परंतु जिथे शून्य हवे, तिथे 6.8 व्होल्ट आढळले. मग फूट स्विचच सोडवून बाजूला ठेवला. तरीही त्या वायरीवर 6.8 व्होल्ट कायम! स्विच निर्दोष असल्याचे तेथेच सिद्ध झाले.

बास्केटखालील कनेक्टर उघडला तेव्हा कारण कळले. एका रिकाम्या घराचे रबरी बूच गळून पडले होते. शिवाय पूर्वी कोणीतरी मीटरची सुई वायरीच्या आवरणात टोचून तपासणी केली होती. त्या छिद्रातून शिरलेल्या पाण्याने तांबे हिरवे पडले होते. रात्रीच्या ओलाव्याने पुरवठ्याच्या पिनेतून शेजारच्या पिनेत वीज झिरपे. दुपारपर्यंत ओल सुकली की कोड नाहीसा होई. वायरीचा तेवढा तुकडा, पिना व कनेक्टर बदलले, रिकाम्या घरात बूच बसविले आणि केबलला कनेक्टरच्या अगोदर खाली झोल दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते. त्यानंतर त्या पावसाळ्यात तो कोड पुन्हा आला नाही.

7. ‘डायरेक्ट’ करण्याचा प्रश्न

सदर प्रसंगात ठेकेदाराची घाई समजण्यासारखी होती. यंत्राचे भाडे चालू होते आणि माणसे खोळंबली होती. फूट स्विच वायरीने जोडून टाकला असता, तर काम दहा मिनिटांत सुरू झाले असते. परंतु बास्केट वर नेताना चालक तुळई आणि नियंत्रण पेटी यांच्यामध्ये सापडण्याचा धोका या यंत्रांत सर्वज्ञात आहे. अशा वेळी त्याचेच शरीर जॉयस्टिकवर दाबले जाते आणि यंत्र वर ढकलीतच राहते. हात अडकलेल्या माणसापाशी तेव्हा एकच उपाय उरतो : पाय उचलणे. फूट स्विच ‘डायरेक्ट’ केल्याने तोच उपाय हिरावला जातो. माझ्या विद्यार्थ्याने नकार दिला आणि दीड दिवस बोलणी खाल्ली. त्याचा नकार हा तांत्रिकदृष्ट्याही अचूक होता, कारण तो कोड खोटा नव्हता.

8. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल, की दोष-संकेतांक हा निदानाचा शेवट नसून आरंभ आहे. या परिसरासाठी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पावसाळ्यापूर्वी बास्केटकडील सर्व कनेक्टर उघडून त्यांची रबरी बुचे व पिना तपासाव्यात, तसेच यंत्र धुताना पाण्याचा जोरदार फवारा नियंत्रण पेटीवर मारू नये. तपासणीसाठी वायरीचे आवरण टोचू नये. सुई कनेक्टरच्या मागील बाजूने हळूच सरकवावी. आणि प्रत्येक यंत्रासोबत मराठीत एक नोंदवही ठेवावी, ज्यात कोड, वेळ, हवामान, भुजेची स्थिती व केलेला उपाय हे पाच रकाने असावेत. पुस्तिका इंग्रजीत असते आणि चालक बहुधा येथल्याच गावांतला व वाड्यांतला असतो. ‘सकाळी येतो, दुपारी जातो’ हे त्याचे साधे निरीक्षण वहीत उतरले, तर निम्मे निदान तेथेच झालेले असते.