चौदा होगए तो चाय

गनफाउंड्रीच्या सेंट जोसेफ कॅथेड्रलबद्दल हैदराबादेत कुणालाही विचारा, दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात: 1892 साली इटलीहून आणलेल्या पाच घंटा आणि सातव्या निजामाने भेट दिलेली मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’ची प्रतिकृती. तिच्यावरची धूळ कोण झटकतं, हे कुणी सांगत नाही. नामपल्ली स्टेशनहून आबिड्सकडे जाताना एकदा आत डोकावले, तर एक बाई शिडीवर चढून भिंतीवरल्या चौकटीच्या कोपऱ्यात रंगाऱ्याचा ब्रश फिरवत होती. ब्रश कोरडा होता, रंगाचा डबा कुठेच नव्हता. पुन्हा गेले ती तिच्यासाठी.

तिला सगळे अक्का म्हणतात. मिस्सा संपली की बाकं पुसायची, फरशीला फिनेल, मेण खरवडायचं. हे सगळं ती बोलता बोलता उरकते. खरं काम चौदा. पिलाताच्या निकालापासून कबरीपर्यंत क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानं भिंतींवर आहेत, आणि अक्काचा दिवस त्यांनीच मोजला जातो. “चौदा होगए तो चाय.” त्याआधी कुणी पेला पुढे केला तरी ती घेत नाही.

ओलं फडकं का नाही, विचारलं. “पानी नक्को. रंग जाता.”

विझलेल्या मेणबत्तीचा वास इथे फिनेलवरही मात करतो. दुपारी आत माणसं थोडी. बुरख्यातली एक बाई मेणबत्ती लावून गेली, मागोमाग कुंकवाची एक. दोघींचं मेण अक्कालाच खरवडायचं होतं.

सहाव्या स्थानात वेरोनिका गर्दीतून पुढे होऊन येशूचा घामेजलेला, रक्ताळलेला चेहरा कापडाने पुसते. शुभवर्तमानांत ही बाई कुठेच नाही. भाविकांनी तिला वाटेवर आणलं आणि ती तिथेच राहिली. मी त्या चौकटीपुढे रेंगाळले. अक्का नाही. तिच्या लेखी सहावं म्हणजे पंख्याच्या वाऱ्यातलं, धूळ जास्त.

तेराव्यात येशूला क्रूसावरून उतरवतात. अनेक चित्रांत तो आईच्या मांडीवर असतो. ‘पिएता’त तोच क्षण आहे. मूळ शिल्प मायकेलअँजेलोने पंचविशीच्या आतबाहेर, 1499 मध्ये पुरं केलं. बघणारे मरियेचा चेहरा बघतात, फोटो काढतात. अक्का तिचं वस्त्र बघते. मांडीवर पसरलेल्या त्या खोल चुण्यांइतकी धूळ अख्ख्या देवळात कुठे बसत नसेल. तिथे ब्रश एकेका चुणीत वरून खाली जातो, आणि अक्का बोलायची थांबते. निजामाच्या औदार्याचं कौतुक मला अजूनही आहे, पण ते दिवस संपले. चुण्या रोज भरतात.

“घंटा तुम्हीच पुसता?”

“वो ऊपर. मेरा काम नइं.”

ईस्टरआधी पंधरा दिवस मूर्ती जांभळ्या कापडाने झाकायची जुनी चाल आहे. तेव्हा तरी हात मोकळे राहत असतील, म्हटलं. “मूर्त्यां कू छुट्टी,” ती हसली, मग भिंतीकडे ब्रश रोखला. “उनकू नइं.” क्रूसाच्या वाटेवर कापड घालत नाहीत. उलट उपवासकाळातल्या शुक्रवारी माणसं त्याच चौदांपुढे थांबत, प्रार्थना करत सरकतात. हातात मेणबत्ती असली तर ठिपके थेट भिंतीच्या कडेपर्यंत. ते गरम असताना पुसले तर पसरतात. अक्का ते रात्रभर तसेच ठेवते आणि सकाळी पातळ पत्र्याने उचलते.