गावातच फोटोचा धंदा सुरू करायचाय? कॅमेरा घेण्याआधी एवढं समजून घ्या

घरातलं म्हातारं माणूस गेलं की दहाव्याच्या बॅनरसाठी फोटो शोधायची धावपळ होते. मोबाईलमध्ये हजार फोटो असतात, पण आजोबांचा एकटा, समोर बघणारा, स्वच्छ फोटो सापडत नाही. शेवटी आधारकार्डावरचा फोटो मोठा करून लावला जातो आणि चेहरा ओळखू येत नाही. बऱ्याच गावांत हे चित्र आहे. म्हणूनच चांगला चेहरा टिपणाऱ्या आणि कागदावर काढून देणाऱ्या माणसाला गावात काम आहे.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. साखरपुडा, हळद, बारसं, जावळ, शाळेचं स्नेहसंमेलन असे कार्यक्रम तर वर्षभर चालू असतात. शेतीला जोड म्हणून अनेक तरुण या धंद्याकडे बघतात. पण आधी कॅमेऱ्याचा हप्ता सुरू होतो आणि शिकणं मागून येतं, तिथं गणित बिघडतं.

सुरुवात मोबाईलवर

चेहऱ्याचा फोटो शिकायला हातातला मोबाईल पुरे. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. त्यापेक्षा माणसाला ओसरीत, दारापासून दोन-तीन फूट आत, तोंड बाहेर करून बसवावं. उजेड मऊ येतो. मागं साधी भिंत असावी. टोपी किंवा फेट्याची सावली कपाळावर पडत असेल तर टोपी थोडी मागं सरकवावी, हनुवटी जराशी वर करायला सांगावी. पांढरं धोतर, पांढरा सदरा असला की कॅमेरा फसतो आणि फोटो काळपट काढतो. अशा वेळी स्क्रीनवर चेहऱ्याला बोट लावून उजेड थोडा वाढवावा. फोकस नेहमी डोळ्यांवर.

कॅमेरा घेताना

सुरुवातीला जुना कॅमेरा घेतला तरी चालतो. मात्र त्यावर किती फोटो निघालेत ते तपासावं. लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशीचे धागे दिसतात का बघावं. एकच जादा लेन्स घ्यायची झाली तर ५० मिलिमीटर, एफ १.८ ची घ्यावी. ती स्वस्तात बसते, कमी उजेडात चालते आणि चेहऱ्यामागची गर्दी धूसर करते. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा.

मांडवातली खरी परीक्षा

अंतरपाट दूर होतो तो क्षण एकदाच येतो. "परत एकदा माळ घाला" म्हणायची वेळ येऊ नये म्हणून मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आतच जागा धरावी. नाहीतर अक्षता टाकणाऱ्यांच्या हातांचेच फोटो मिळतात. हलत्या माणसांसाठी शटर १/२०० च्या आसपास ठेवावं. उजेड कमी पडला तर आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत न्यायला घाबरू नये. थोडे दाणे दिसलेले चालतात, हललेला फोटो चालत नाही.

मांडवाचं कापड लाल-निळं असलं की तोच रंग चेहऱ्यावर उतरतो. शहरातल्या हॉलमध्ये पांढऱ्या छताकडे फ्लॅश मारून मऊ उजेड मिळवतात, तो उपाय रंगीत मांडवात उलटा पडतो. तिथं फ्लॅशला पांढरा डिफ्यूजर लावावा आणि व्हाईट बॅलन्स आधीच पांढऱ्या कागदावर जुळवून घ्यावा. हळदीत तर अंग, कपडे, पाट सगळंच पिवळं असतं. तिथं ऑटोवर विसंबू नये.

फोटो गेला तर भरपाई नाही

धंदा बुडवणारी गोष्ट म्हणजे खराब झालेलं मेमरी कार्ड. सगळं लग्न एकाच कार्डावर काढू नये. विधी संपला की कार्ड बदलावं. घरी आल्यावर त्याच रात्री फोटो दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर उतरवावेत. दोन्ही ठिकाणी फोटो उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये. लाईटचा भरवसा नसतो, म्हणून जादा बॅटऱ्या आदल्या दिवशीच भरून ठेवाव्यात.

कागदावर काढताना

चांगल्या छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल धरतात. त्या हिशोबाने ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८०० आणि ८ बाय १२ इंचाला २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो लहान होतो, त्याचा मोठा प्रिंट फाटल्यासारखा येतो. लॅबला फोटो पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, मूळ फाईल जशीच्या तशी जाते. स्क्रीनचा उजेड जास्त असल्यामुळे प्रिंट नेहमी थोडा काळपट वाटतो. अल्बमची ऑर्डर देण्याआधी दोन-चार फोटो काढून बघावेत.

रोजचा पैसा पासपोर्ट फोटोत आहे. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे ८ फोटो ४ बाय ६ च्या एका कागदावर बसतात. साध्या इंकजेटचा फोटो ओला झाला की शाई पसरते आणि उन्हात रंग उडतो. भिंतीवर लावायचा फोटो लॅबमधूनच काढावा आणि काचेत बसवावा.

पैसा आणि शब्द

ओळखीत काम घेतलं तरी कागदावर लिहून घ्यावं: किती कार्यक्रम, किती फोटो, अल्बम कधी, इसार किती. नाहीतर भावकीतच वाकडं येतं. भांडवलासाठी मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकतं. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी दलालाला पैसे द्यायची गरज नाही. पण पहिला एक हंगाम एखाद्या जुन्या फोटोग्राफरच्या हाताखाली काढावा, मग कर्जाचा विचार करावा.

आणखी एक. लग्नातल्या लेकीबाळींचे फोटो घरच्यांना न विचारता स्टेटसला किंवा जाहिरातीला टाकू नयेत. गावात काम कॅमेऱ्यापेक्षा विश्वासावर मिळतं, आणि तो एकदा गेला की पुढची सुपारी दुसऱ्याकडे जाते.

ज्याला आजच सुरुवात करायची आहे, त्याने आपल्या वाड्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एकेक फोटो काढून ४ बाय ६ चा प्रिंट त्यांच्या हातात द्यावा. हात बसतो, ओळख होते, आणि त्या घरात एक तरी नीट फोटो राहतो.