लहान श्वानांच्या हृदयाची झडप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हृदयाच्या डाव्या कर्णिकेतून, म्हणजे वरच्या कप्प्यातून, जवनिकेत, म्हणजे खालच्या कप्प्यात, उतरलेले रक्त मागे फिरू नये म्हणून दोहोंमध्ये द्विदल झडप असते. लहान चणीच्या श्वानांत उतारवयात तिच्या पाकळ्या जाड होतात, त्यांना ताणून धरणारे तंतू सैल पडतात किंवा तुटतात आणि प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त उलटे वाहू लागते.

गैरसमज : म्हाताऱ्या कुत्र्याचा खोकला वयाचाच असतो.
वस्तुस्थिती : खोकल्यामागे श्वासनलिकेचा आजार, डासांमार्फत पसरणारे हृदयकृमी किंवा झडपेचा विकार असू शकतो, त्यांतील भेद क्ष-किरण, रक्ततपासणी आणि इकोकार्डिओग्राफी, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाची हालचाल दाखवणारी चाचणी, यांतूनच कळतो.

गैरसमज : एवढ्याशा हृदयावर शस्त्रक्रिया अशक्यच.
वस्तुस्थिती : जपानी शल्यविशारद मासामी उएची यांच्या पथकाने 2006 ते 2009 या काळात पाच किलोंहून कमी वजनाच्या 48 श्वानांवर अशी शस्त्रक्रिया केली आणि त्यांपैकी 45 त्यातून वाचले. हृदय थांबवून रक्ताभिसरणाचे काम यंत्राकडे सोपवले जाते, तुटलेल्या तंतूंच्या जागी कृत्रिम धागे बसवले जातात आणि झडपेचे सैलावलेले कडे आवळले जाते; म्हणजे झडप बदलली जात नाही, दुरुस्त होते.

गैरसमज : दिल्लीत 2024 मध्ये एका बीगल श्वानावर झालेला झडपेचा उपचार हीसुद्धा हृदय उघडून केलेली शस्त्रक्रियाच होती.
वस्तुस्थिती : त्या उपचारात धडधडत्या हृदयात नळीवाटे चिमटा नेऊन झडपेच्या पाकळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या, हृदय थांबवावे लागले नाही.

गैरसमज : शस्त्रक्रिया परवडत नसेल, तर उपायच उरत नाही.
वस्तुस्थिती : 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 360 श्वानांवरील अभ्यासात असे आढळले की, हृदय मोठे झालेले असूनही लक्षणे नसलेल्या श्वानांना पिमोबेंडन हे औषध दिल्यास हृदय निकामी होण्याची अवस्था सरासरी सुमारे 15 महिने लांबते. मात्र ते पशुवैद्यकाच्या तपासणीनंतरच द्यायचे असते.

चंद्रपूर-गडचिरोलीतील श्वानपालकांना सखोल तपासणीसाठी 1958 मध्ये स्थापन झालेल्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे जाता येते. परंतु भामरागड, एटापल्लीसारख्या तालुक्यांतून तो प्रवास मोठा असल्यामुळे वेळीच निघणे महत्त्वाचे ठरते. ती वेळ ओळखण्यासाठी घरीच कुत्र्याचे श्वास मोजता येतात. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात निरोगी कुत्रेही धापा टाकते, म्हणून श्वास पहाटेच्या गारव्यात, ते गाढ झोपेत असताना मोजावेत. छातीचे एक वर-खाली होणे म्हणजे एक श्वास. मिनिटाला तीसहून अधिक श्वास वारंवार भरू लागले, तर वाट न पाहता पशुवैद्यक गाठावा. या मोजणीला घड्याळाखेरीज काही लागत नाही, आणि दूरच्या गावात ती एखाद्या जिवाला वेळ मिळवून देऊ शकते.